भिंतीतला कापूस

शेलूबाजारात आजही कुणाच्या घरी माणूस गेला आणि त्याची गादी गावाबाहेर टाकायची वेळ आली, की कुणीतरी म्हणतंच, "दूर नेऊन टाका बावा, नाही तं गोधडी सर उचलून नेतीन." ऐकणारे हसतात. मग एकदम गप्प होतात. ते गप्प का होतात हे मला माहीत आहे आणि ज्या कारणानं होतात ते खोटं आहे. वय झालं आहे, आता हे लिहून ठेवायला हवं.

गोधडी सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी इतिहास. गल्लीत आमची दारं समोरासमोर. ते माझ्यापेक्षा वडील, म्हणून मला अरे-तुरे करायचे. त्यांचं हे नाव पोरांनी पाडलं. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ते गोळेवाल्याकडून बर्फाचे दोन सारखे तुकडे आणायचे. एक ताटलीत उघडा ठेवायचे, दुसरा घरून आणलेल्या जाड गोधडीत गुंडाळायचे.

"सांगा रे पोट्टेहो, कोणता पहिले विरघळन?"

"गोधडीतला!" सगळा वर्ग ओरडायचा. गोधडीत गरम होतं हे कुणाला माहीत नसतं?

तास संपताना ताटलीत पाणी असायचं. सर गोधडी उलगडायचे आणि आतला बर्फ हातात उंच धरायचे. "गोधडी गरम नसते रे. गोधडी फक्त मधात आडवी येते. बाहेरची गरमी आत येऊ देत नाही अन् आतली बाहेर जाऊ देत नाही. बस, तिले दुसरं काही काम नाही." मग तो बर्फ फोडून सगळ्यांना वाटायचे. गावात दोन पिढ्यांनी तो बर्फ खाल्ला आहे. आज सरांवर हसणाऱ्यांनीही खाल्ला आहे.

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी ते थर्मामीटर ठेवायचे. कुणाकडे गेले की बसायच्या आधी तो काढून भिंतीजवळ धरायचे. लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीवर अक्षता पडत असताना एकदा ते मोठ्यानं म्हणाले, "याहीबुवा, मांडवात बाहेरच्याहून जास्ती गरमी हाये, वरचं प्लास्टिक काढा." त्यांनी आपल्या स्कूटरच्या टाकीला गोधडीचा तुकडा शिवला होता. पाण्याच्या माठाला होता, नळाला होता, छत्रीवर पांढरं धोतर होतं. मयतीला गेले तरी नजर वर. छपराच्या टिनाकडे बघून पुटपुटायचे, "याच्याखाली माणूस मरन नाही तं काय." ते खरंच होतं, पण असं बोलायची ती जागा नव्हती. लोक चिडायचे. सरांना कळायचंच नाही की चिडण्यासारखं काय झालं.

त्यांचा हा नाद हसण्यावारी होता तोवर बरं होतं. मग एका वैशाखात गच्चीवर कुरड्या वाळू घालताना वहिनींना, सरांच्या बायकोला, ऊन लागलं. खाली आल्या त्या बडबडतच. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. अकोल्याला नेलं. वाचल्या. पण डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, की पुन्हा असं झालं तर शरीर सोसणार नाही. परतीच्या जीपमध्ये सर माझ्याशेजारी बसले होते. गाव दिसू लागलं तेव्हा म्हणाले, "गारवा आणता येत नाही गड्या. गरमी आडवा लागते. मी इकडंतिकडं गोधड्या शिवत राह्यलो, घराले शिवली नाही."

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी पश्चिमेच्या खोलीत काम काढलं. बाहेरच्या भिंतीच्या आत, वीतभर जागा सोडून, विटांची दुसरी पातळ भिंत. मिस्त्री वैतागला होता.

"सर, भितीच्या आत भित? मधात काय धन ठेवता का?"

"गारवा ठेवतो."

"लोक कूलर घेतात."

"घेतला ना. लाइन गेली की कूलर म्हणजे पत्र्याचा डबा. अन् मे महिन्यात लाइन कवा राह्यते?"

त्या कूलरची वायर त्यांनी दोन भिंतींच्या मधूनच, खिडकीजवळच्या कोपऱ्यातून नेली होती. ही त्यांची चूक होती, आणि त्यांची म्हणून मला दिसते ती एवढीच.

मधल्या पोकळीत काय भरायचं? थर्माकोल उंदीर खातात. कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, भरलं तर उंदीर येतील आणि उंदरांमागे साप. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "वऱ्हाडात राहून बाहेरून कायले आणायचं? कापूस भरा." पण कापूस भिंतीत घालायला कोण देतो? जुन्या गादीचा कापूससुद्धा लोक पिंजून पुन्हा वापरतात. गावात कुणालाच नको असतो असा कापूस एकच. आमच्याकडे माणूस गेला की त्याची गादी तिसऱ्या दिवशी नाल्याकाठी नेऊन टाकतात. तिला परत कुणी हात लावत नाही. ती तिथेच पावसात कुजते.

सरांनी त्या गाद्या उचलायला सुरुवात केली.

पानठेल्यावर एकानं अडवलं. "सर, मेलेल्या माणसाच्या गादीवर झोपता का?"

"झोपत नाही. भितीत घालतो."

"भितीत!"

"तुह्या आज्याची बी हाये त्यात. लय गार माणूस होता, काही तरास देणार नाही."

तो माणूस पांढरा पडला. मी मोठ्यानं हसलो, कारण गादीचं दुसरं टोक मी धरलं होतं. सरांचा मित्र, शिकलेला माणूस, मला हसणं भाग होतं. पण घरी जाऊन मी रगडून आंघोळ करायचो आणि बायकोला सांगायचो, धूळ फार होती.

सर अडाण्यासारखं काही करत नव्हते. कापूस पेटतो हे जिनिंगच्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. गाठीत ठिणगी गेली की ती आतल्या आत दिवसदिवस धुमसते, वरून काही दिसत नाही. म्हणून ते सगळा कापूस फाडून, तुरटी आणि टाकणखार विरघळलेल्या पाण्याच्या ड्रममध्ये बुचकळायचे आणि गच्चीवर कडक वाळवायचे. वाळला की येईल त्याच्यासमोर बोंडाएवढा कापूस घेऊन काडी लावायचे. कापूस काळा व्हायचा आणि विझायचा. "पाहा. जळत नाही. फक्त रुसते." मी स्वतः कितीतरी वेळा काडी लावून पाहिलं आहे. एकदाही पेटला नाही.

त्याच हिवाळ्यात माझे वडील गेले. पावसाळ्यापासून ते माझ्याकडे अंथरुणाला खिळून होते. ताप उतरायचाच नाही. रोज सकाळी मी त्यांच्या कपाळावर हात ठेवायचो आणि तो कोरडा चटका तळव्याला लागायचा. निळ्या पट्ट्यांची त्यांची गादी होती. कोपरा उसवला तेव्हा आईनं तिला आपल्या लुगड्याचा हिरवा तुकडा लावला होता.

तिसऱ्या दिवशी सर भेटायला आले. बसले, चार शब्द बोलले आणि उठताना हळूच म्हणाले, "गादी नाल्यावर कायले नेतो? दे इकडं. एकच कोपरा भरायचा राह्यला, खिडकीजवळचा."

मला नाही म्हणता आलं नाही. इतक्या लोकांच्या बापांच्या गाद्या हसत वाहिल्यावर आपल्या बापाची वेळ आली तेव्हा कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? दुपारी गल्ली झोपलेली असताना मी गादी मागच्या दारानं त्यांच्या अंगणात नेली. बहिणींना सांगितलं, नाल्यावर टाकून आलो.

सर त्या दिवशी वहिनींना तपासणीसाठी अकोल्याला घेऊन चालले होते. चार दिवस तिथेच राहणार होते. जाताना म्हणाले, "बुचकळून गच्चीवर टाक. चांगली दोन ऊन खाऊ दे. मंगच मिस्त्रीले भराले सांगजो."

त्यांची गच्ची आमच्या दारातून स्वच्छ दिसते. माझ्या बहिणी अजून घरात होत्या, दिवसभर त्याच दारात बसायच्या. गच्चीवर कापूस वाळत घातला आणि बाजूला निळ्या पट्ट्यांची खोळ, तिचा हिरवा तुकडा दिसला असता, तर माझ्या घरात काय झालं असतं ते मी डोळ्यांपुढे आणलं. मी ड्रमचं झाकणसुद्धा उघडलं नाही. गादी फाडली आणि कापूस होता तसा त्या कोपऱ्यात दाबदाबून भरला. खोळसुद्धा आत कोंबली. संध्याकाळच्या आत मिस्त्रीनं वरची वीट लावली.

सर आले. भिंतीवर थाप मारून म्हणाले, "भिजवला होता ना बरोबर?"

"हो सर."

खोली गार झाली, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळत होतं आणि त्या खोलीत घाम येत नव्हता. सर पोरासारखे झाले होते. रस्त्यानं जाणाऱ्याला हात धरून आत आणायचे, थर्मामीटर दाखवायचे. पुष्कळजण उंबऱ्यावरूनच पाहून परत जायचे. बायका त्या घरासमोरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरायच्या.

मी आत बसायचो. बसावंच लागायचं. पण त्या खोलीत आणखी एक गोष्ट होती, जिचा सरांनी विचार केला नव्हता. तिथे आवाज मरायचा. रस्त्यावरच्या गाड्या, कुत्री, समोर माझ्या घरातली भांडी, काहीच ऐकू यायचं नाही. बोललेला शब्द तोंडातून निघाला की संपायचा. आपला श्वास आपल्याला ऐकू यायचा, आणि थोड्या वेळानं वाटायचं की हा श्वास आपला एकट्याचा नाही.

वहिनी कधी विरोधात बोलल्या नाहीत. नवऱ्यानं आपल्यासाठी केलं आहे, हे त्यांना कळत होतं. पण त्यांनी आपली खाट खोलीच्या बरोबर मधोमध ओढली होती. भिंतीला त्या पाठ टेकवत नसत.

"भाऊजी," एकदा त्यांनी मला विचारलं, "या खोलीत आपला आवाज जाते कुठं?"

"भिंत खाते, वहिनी. कापूस असतो ना."

"भित खाते का भितीतले ऐकतात?"

सर हसले. मीही हसलो. पण माझी नजर खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे गेली आणि वहिनींनी ती जाताना पाहिली.

दुसऱ्या उन्हाळ्यातली ती सकाळ. सर आंघोळीला गेले होते. मी वर्तमानपत्र परत करायला गेलो तर वहिनी त्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

"भाऊजी, जरा आत या. काही वास येते का?"

येत होता. इस्त्री कपड्यावर जास्त वेळ राहिली की येतो तसा, अगदी पुसट. मी म्हटलं, "शेजारी कुणी काही जाळलं असेल."

"अन् इथं हात लावा." त्यांनी बोट केलं ते खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे. "खरं सांगा. गरम लागते का तुमाले?"

मी हात लावला.

पश्चिमेची भिंत, सकाळची वेळ. ऊन अजून तिकडे फिरकलंही नव्हतं. ती भिंत कोमट होती. उन्हानं तापलेली भिंत वेगळी असते, ती सगळीकडे सारखी तापते. इथे तळव्याएवढ्या जागेत कोरडा, आतून येणारा ताप होता. असा ताप माझ्या तळव्यानं एका कपाळावर रोज सकाळी ओळखलेला होता. माझ्या तोंडात 'बाबा' आलं होतं, मी ते गिळलं.

मी शिकलेला माणूस. कापूस धुमसतो हे मला माहीत होतं. तो कापूस भिजवलेला नाही हे तर फक्त मलाच माहीत होतं. त्या क्षणी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवायला हव्या होत्या. मी ठेवू शकलो नाही. मला एवढंच कळत होतं की भिंत गरम आहे असं तोंडातून निघालं, तर पुढचा प्रश्न येईल, की तिथे कुणाची गादी आहे. आणि मग पानठेल्यावर हसणारा मी, मेलेल्यांना घाबरणारा निघेन.

"नाही, वहिनी," मी म्हटलं. "गारच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

दुपारी मी ओसरीत पडलो होतो. सरांची हाक आली. हाक नव्हे, आरोळी. धावत गेलो. खोलीच्या विजेच्या बोर्डातून धूर निघत होता. सरांनी वहिनींना फरफटत अंगणात आणलं होतं, त्या खोकत होत्या. सर परत आत गेले. सब्बल घेऊन त्यांनी कोपऱ्यातल्या विटा फोडल्या. बाहेरची हवा आत गेली आणि इतका वेळ मुक्यानं धुमसणारा कापूस भडकला. माझ्या डोळ्यांदेखत निळी खोळ उलगडल्यासारखी झाली आणि पेटली. सर दोन्ही हातांनी जळता कापूस बाहेर ओढत होते, नुसत्या हातांनी.

"पाणी आणा गा! कोणी तरी पाणी आणा!"

लोक आले होते. फाटकाशी उभे होते. बादल्या हातात होत्या, पण फाटकाच्या आत पाऊल पडत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "भितीतले जागे झाले." आणि त्या शब्दासरशी घोळका एक पाऊल मागे गेला. मीही उंबऱ्यावरच उभा होतो. उंबरा ओलांडायला मला जो वेळ लागला तो किती होता हे मी सांगू शकत नाही. ओलांडला तेव्हा सर खाली पडले होते.

अकोल्याच्या वाटेवर गाडीत ते शुद्धीवर होते. हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, आवाज घोगरा. छातीत धूर गेला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाकीचा कापूस?"

"शाबूत आहे सर." ते खरं होतं. कोपरा सोडून बाकी भिंतीतला कापूस फक्त काळवंडला होता. विझला होता. सर म्हणायचे तसा रुसला होता.

"मंग कोपरा काहून पेटला?" ते विचार करत होते. त्या अवस्थेत ते खरोखर विचार करत होते, कपाळाला आठी घालून, वर्गात करायचे तसा. "तू भिजवला होता ना गा?"

आता सांगायचं, असं मी मनाशी म्हटलं. तोंड उघडलं.

"हो सर."

"मंग माहंच गणित चुकलं असन," ते म्हणाले. "तुरटी कमी पडली असन." आणि त्यांनी डोळे मिटले. दवाखान्यात ते आणखी काही दिवस जगले, पण माझ्याशी झालेलं त्यांचं बोलणं एवढंच.

गावानं त्याची गोष्ट केली. मेलेल्यांनी आपल्या गाद्या परत मागितल्या. सर शहाणे होते पण अती झाले. आता त्या नाल्याकडे दिवसाढवळ्याही कुणी जात नाही. शाळेत बर्फाचा तो प्रयोग बंद झाला आहे. नव्या मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "पालकायले आवडत नाही." इतकी वर्षं मी ही गोष्ट चारचौघांत ऐकत आलो. मान हलवत आलो.

वहिनी आता आसेगावला भावाकडे असतात. मागच्या महिन्यात मी जीपनं गेलो. त्या अंगणात भाजी निवडत बसल्या होत्या. फार वाकल्या आहेत. मी सगळं सांगितलं. गादीचं, ड्रमचं, गाडीतल्या 'हो सर'चं. शेवटी भिंतीचं. "तुम्ही विचारलं तेव्हा ती गरम होती, वहिनी. मी खोटं बोललो."

त्या मेथीच्या काड्या खुडत राहिल्या. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

"मले मालूम हाये ते," त्या म्हणाल्या. "म्या हात लावूनच तं तुमाले बलावलं होतं."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"पहाटपासून लावून पाहून राह्यली होती. मले गरम लागे. पण म्हटलं, मी अडाणी, मले त्या खोलीचं भेव हाये, म्हून लागत असन. हे आंघोळीतून निघाले की त्यायले सांगाचं, असं ठरवलं होतं. मंग तुमी आले. म्हटलं, भाऊजी शिकलेले हायेत, भेत नाहीत, त्यायले विचारून घेतो." काडी खुडली. "तुमी गार म्हणले. मंग मी त्यायले सांगितलंच नाही."

आतून भावाची सून पाणी घेऊन आली. वहिनींनी पेला माझ्यापुढे सरकवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "ऊन लय हाये. अन् मले कायले सांगता आता? ते मेले तवा त्यायले वाटत होतं का चूक त्यायची हाये. गावाले वाटते मेलेल्यायची. तिकडं सांगा."

म्हणून सांगतो. भिंतीत मेलेलं कुणी नव्हतं. कापूस होता आणि तो सरांनी तुरटीत बरोबर भिजवला होता, जेवढा त्यांच्या हाताखालून गेला तेवढा सगळा. कोपऱ्यातला तेवढा माझा होता. सरांचं गणित चुकलेलं नव्हतं.